मलेरिया बरा झाला होता, मग दोन महिन्यांनी पुन्हा थंडी-ताप का?

प्रश्न एका बहिणीचा आहे. भाऊ ३१ वर्षांचा, ठाण्यात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला, रक्तात व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. तीन दिवस गोळ्या घेतल्या, ताप उतरला, आठवड्याभरात तो कामावर गेला. सप्टेंबर लागला आणि पुन्हा तीच हुडहुडी, रिपोर्टवर पुन्हा व्हायव्हॅक्स. तिचं विचारणं असं: पहिलं औषध लागूच पडलं नाही का? आणि आता डॉक्टरांना जास्त पॉवरचं औषध द्यायला सांगावं का?

ताई, औषध लागू पडलं होतं. ज्या कामासाठी दिलं होतं ते काम त्यानं चोख केलं. पण व्हायव्हॅक्सच्या उपचारात दोन वेगळी औषधं लागतात, आणि तुमच्या पत्रात फक्त एकाचा उल्लेख आहे. दुसरं दिलं गेलं नाही, किंवा दिलं आणि अर्धवट सुटलं, असा माझा अंदाज आहे. मुंबईच्या उपनगरात दवाखाना चालवताना पावसाळ्यात मलेरियाचे पेशंट रोजचेच, आणि ‘परत आलाय’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची गोष्ट या दुसऱ्या औषधाच्या चौदा दिवसांच्या गोळ्यांपाशीच येऊन थांबते.

आधी आत काय घडतं ते बघू. डास चावतो तेव्हा मलेरियाचे जंतू थेट रक्तपेशींत शिरत नाहीत. तासाभरात ते यकृतात पोचतात आणि तिथल्या पेशींत वाढू लागतात. आठवडा-दोन आठवड्यांनी एकेका पेशीतून हजारो नवे जंतू रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात, त्या फोडून बाहेर येतात, पुन्हा नव्या पेशींत शिरतात. व्हायव्हॅक्समध्ये हे चक्र ४८ तासांचं, म्हणून एक दिवसाआड हीव भरतं. ताप, थंडी, घाम, डोकेदुखी हे सगळं या रक्तातल्या टप्प्याचं. यकृतातल्या टप्प्यात माणसाला काहीच जाणवत नाही.

फाल्सिपेरम ही मलेरियाच्या जंतूची दुसरी जात. तिचे सगळे जंतू यकृतातून एकदाच बाहेर पडतात, मागे कोणी उरत नाही. व्हायव्हॅक्सचं (आणि आफ्रिकेत जास्त आढळणाऱ्या ओव्हालेचं) तसं नाही. त्यांचे काही जंतू यकृताच्या पेशीत गेल्यावर वाढतच नाहीत. एकाच पेशीचा बारीक ठिपका होऊन पडून राहतात. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. बँकेत वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी ठेवाव्यात तसा हा प्रकार आहे: एक सहा आठवड्यांनी पिकते, एक चार महिन्यांनी, एखादी पुढच्या उन्हाळ्यात. प्रत्येक पिकली की रक्तात नव्यानं जंतू आणि नव्यानं ताप. मधल्या काळात नवा डास चावलेला असण्याची गरज नाही.

हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. लाव्हेराननं रक्तात मलेरियाचा जंतू पाहिला १८८० साली, रॉसनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो शोधला १८९७ साली. पण माणसाच्या शरीरात रक्ताआधी यकृताचा मुक्काम असतो हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवलं १९४८ मध्ये, आणि झोपलेले जंतू प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते १९८० च्या आसपास. गेल्या काही वर्षांत आणखी एक भर पडली आहे. इंडोनेशियातल्या पापुआ भागात अपघातामुळे वगैरे ज्यांची प्लीहा काढावी लागली, त्यांच्या प्लीहेत व्हायव्हॅक्सचे जंतू मोठ्या संख्येनं लपलेले सापडले, रक्ताच्या तपासणीत जवळपास काही दिसत नसताना. त्यामुळे परत येणारा प्रत्येक ताप यकृतातूनच येतो असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. उपचारात मात्र अजून त्यानं फरक पडलेला नाही.

आता औषधांकडे. तुमच्या भावाला तीन दिवस दिल्या त्या गोळ्या क्लोरोक्विनच्या असणार. साठ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. रक्तातला जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खाऊन जगतो, आणि क्लोरोक्विन त्याला त्या खाण्याच्या प्रक्रियेतच मारतं. यकृतात पडून राहिलेला जंतू हिमोग्लोबिन खातच नाही, मग क्लोरोक्विन त्याचं काय बिघडवणार? डोस दुप्पट केला, इंजेक्शन दिलं, महागडं औषध आणलं, तरी उत्तर तेच. ‘जास्त पॉवर’ इथे कामाची नाही. आपल्याकडच्या व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्विन अजूनही चांगलं चालतं.

यकृतातल्या जंतूंवर चालणारी, आपल्याकडे नेहमी दिली जाणारी गोळी एकच: प्रायमाक्विन. किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, रोज एकदा, १४ दिवस. साठ किलोला १५ मिलिग्रॅम. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातला डोस हाच आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

आणि घोडं अडतं ते इथेच.

तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो. पेशंट आंघोळ करून, दाढी करून बसलेला असतो. त्याला अजून अकरा दिवस गोळी खायला सांगणं म्हणजे निवडणूक संपल्यावर प्रचार करायला लावणं. दुसऱ्या वेळी ताप घेऊन कोणी आलं की मी पहिल्यांदा जुनी औषधांची पिशवी मागवते. बरेचदा त्यात प्रायमाक्विनची पट्टी निघते, चार-पाच खळगे रिकामे आणि बाकीच्या गोळ्या जागच्या जागी. कारणं ठरलेली आहेत. ‘गोळ्या गरम पडल्या.’ ‘पोटात कळ यायची.’ ‘केमिस्टनं एवढ्याच दिल्या, मला वाटलं कोर्स एवढाच.’ आणि ऑगस्टात हमखास ऐकू येणारं: ‘श्रावण चालू होता, डॉक्टर.’ उपाशीपोटी प्रायमाक्विन घेतली की पोट खरंच दुखतं, मळमळतं. सोमवारी उपास म्हणून एक गोळी चुकली, शनिवारी दुसरी, मग राहूनच गेली. उपास सोडा असं मी कोणाला सांगत नाही. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन त्यावर गोळी घ्या, एवढंच सांगते. पोटात काहीतरी असल्याशी मतलब.

यात एकूण किती औषध पोटात गेलं याला महत्त्व आहे. चौदापैकी सात गोळ्या घेतल्या म्हणजे अर्धं काम झालं असा हिशेब इथे चालत नाही; राहिलेल्यांपैकी एकाही जंतूला जाग आली तरी ताप पूर्ण येतो. अर्धा ताप असा काही प्रकार नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी बघत नाही, ती म्हणजे वजन. सरसकट सगळ्या मोठ्या माणसांना १५ मिलिग्रॅम लिहून दिलं जातं. ऐंशी किलोच्या माणसाला २० हवं. तुमचा भाऊ भरल्या अंगाचा असेल आणि त्यानं चौदाही गोळ्या इमानदारीनं घेतल्या असतील, तरी औषध कमी पडलेलं असू शकतं.

मोजक्या लोकांत औषध पूर्ण, वेळेवर, वजनाप्रमाणे घेऊनही ताप परततो. प्रायमाक्विन यकृतातल्या एका एन्झाइमकडून बदलली जाते तेव्हाच ती काम करते, आणि काहींच्या अंगात ते एन्झाइम जन्मतः मंद असतं. अशांना किंवा वारंवार परतणाऱ्या तापात दिवसाला किलोमागे ०.५ मिलिग्रॅमपर्यंत डोस वाढवायची सोय जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत आहे. टाफेनोक्विन नावाची एकाच डोसची गोळीही आली आहे, अमेरिकेत तिला २०१८ साली मान्यता मिळाली. पण दोन्ही बाबतींत पुढची अट आणखी कडक होते.

ती अट म्हणजे जी-६-पीडी. हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम. ज्यांच्यात ते जन्मतः कमी असतं त्यांच्या पेशी प्रायमाक्विननं फुटू लागतात. दोन-तीन दिवसांत लघवी लालसर-काळी होते, डोळे पिवळे दिसतात, दम लागतो, हिमोग्लोबिन झपाट्यानं उतरतं. दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून पुरुषांत जास्त दिसतो. पारशी समाजात आणि मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण तुलनेनं जास्त आहे, पण कोणाच्या आडनावावरून निदान करू नये. रक्ताची साधी तपासणी आहे, ती करून घ्यावी. दोष निघाला तरी सगळे मार्ग बंद होत नाहीत. आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीत, अशी वेगळी पद्धत आहे. माझा राग आहे तो एका पळवाटेवर. काही ठिकाणी ‘कशाला धोका घ्या’ म्हणून तपासणीही करत नाहीत आणि प्रायमाक्विनही देत नाहीत. पेशंटला ते सांगतही नाहीत. मग तो दोन महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात जातो, आणि पहिल्या डॉक्टरांना वाटत राहतं की आपला पेशंट बरा झाला.

गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. गरोदरपणात व्हायव्हॅक्स झाला तर क्लोरोक्विननं ताप आटोक्यात ठेवतात आणि यकृतातल्या जंतूंचा बंदोबस्त बाळंतपणानंतर बघतात. मधल्या काळात ताप परत येऊ शकतो, हे त्या बाईला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं.

आता तुमच्या भावाच्या तारखा बघा. जुलैचा पहिला आठवडा ते सप्टेंबरची सुरुवात, म्हणजे साधारण आठ आठवडे. व्हायव्हॅक्स आपल्या उष्ण भागात पहिल्यांदा तीन-चार आठवड्यांतही जागा होऊ शकतो, पण क्लोरोक्विन अंगात कित्येक आठवडे रेंगाळतं आणि त्या पहिल्या जागेपणाला दाबून टाकतं. म्हणून क्लोरोक्विन घेतलेल्या माणसात ताप परततो तो दीड-दोन महिन्यांनी. तुमच्या भावाचं गणित यात बरोबर बसतं. भारतात दुसरा, लांब पल्ल्याचा प्रकारही आहे, तो आठ-दहा महिन्यांनी उठतो. ऐन मार्च-एप्रिलमध्ये, डास फारसे नसताना, एखाद्याला मलेरिया निघतो तेव्हा मी आधीच्या पावसाळ्याची चौकशी करते.

हाच ताप दहा-बारा दिवसांत परतला असता तर मी वेगळा विचार केला असता. तेव्हा यकृतावर संशय नसतो. रक्तातले जंतूच पुरते मेलेले नसतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली आणि डोस पुन्हा दिला नाही, दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या राहिल्या, डोस वजनाला कमी पडला, औषध निकृष्ट होतं, किंवा जंतू त्या औषधाला दाद देत नाही. हे फाल्सिपेरममध्ये जास्त होतं. गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीच्या जंगलात, फाल्सिपेरमच जास्त, आणि तिथे क्लोरोक्विनवर भिस्त ठेवून भागत नाही. आर्टिमिसिनिन गटातल्या औषधाच्या जोडीला दुसरं औषध, अशी तीन दिवसांची मिश्र औषधयोजना देतात. शहरात एक चूक वारंवार दिसते. नर्सिंग होममध्ये आर्टेसुनेटची (हे याच गटातलं औषध) इंजेक्शनं दिली, पेशंट शुद्धीवर आला, खायला लागला, घरी सोडला. पुढची तीन दिवसांची मिश्र गोळी लिहिलीच नाही. आर्टेसुनेट जंतू झपाट्यानं मारतं, पण अंगातून तितक्याच झपाट्यानं जातं. उरलेसुरले जंतू दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वाढतात. डिस्चार्ज कार्डावर ही गोळी आहे का ते घरच्यांनी बघून घ्यावं.

जिथे दोन्ही जाती नांदतात तिथे आणखी एक गंमत होते. फाल्सिपेरमचा उपचार नीट झाला, आणि महिना-दीड महिन्यानं ताप आला तो व्हायव्हॅक्सचा. पेशंट म्हणतो मलेरिया उलटला. खरं तर यकृतात व्हायव्हॅक्स आधीपासून होता; मोठ्या तापानं त्याला जाग येते असा कयास आहे. म्हणून दुसऱ्या वेळी नुसतं ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ पुरत नाही, कोणती जात ते रिपोर्टवर हवं.

रिपोर्टचंच निघालंय तर सांगते. तापच नाही, नुसता अशक्तपणा आहे, आणि कोणीतरी हौसेनं पुन्हा कार्ड टेस्ट करतं, ती पॉझिटिव्ह येते, घरात रडारड. फाल्सिपेरमची कार्ड टेस्ट बहुतेक वेळा जंतूचं एक प्रथिन शोधते, आणि ते प्रथिन जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. तिच्यावरून उपचार फसला असं ठरवू नये. बरं झालंय की नाही हे काचेवरच्या रक्तातून ठरतं. जाड थेंबात जंतू आहे का ते शोधतात, पातळ पसरलेल्या रक्तात त्याची जात ओळखतात. तिथेही फाल्सिपेरमच्या उपचारानंतर चंद्रकोरीच्या आकाराचे गॅमेटोसाइट काही दिवस दिसत राहू शकतात. ते ताप आणत नाहीत, फक्त डासाला लागण देतात. अनुभवी लॅब तंत्रज्ञ ते वेगळं लिहून देतो. रिपोर्ट वाचणाऱ्यानं ते वाचायला हवं.

आणि प्रत्येक ताप मलेरियाचा नसतो. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड एकाच वस्तीत फिरत असतात. पाचव्या दिवशी परत चढलेला ताप सलाइनच्या सुजलेल्या शिरेचाही असू शकतो. तपासणीशिवाय जुनी चिठ्ठी केमिस्टला दाखवून त्याच गोळ्या पुन्हा आणणं थांबवा. आर्टेसुनेटची इंजेक्शनं झालेल्या माणसाला आठवडा ते महिन्याच्या आत अचानक थकवा, पिवळेपणा, गडद लघवी दिसली तर तो मलेरिया परतलेला नसून तांबड्या पेशी उशिरा फुटत असतात. त्यासाठी हिमोग्लोबिन बघावं लागतं. नुसता थकवा, घाम आणि भूक न लागणं मात्र ताप गेल्यावर दोन-तीन आठवडे राहतंच.

राहता राहिला नवा डास. तुमचा भाऊ बांधकामाच्या साइटवर असतो, त्यामुळे हे मी निकालात काढणार नाही. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलिस स्टीफन्सी हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो: स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, झाकण नसलेली टाकी, पत्र्याच्या खोल्यांशेजारची पिंपं. मुंबईत हे दुखणं जुनंच. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरांनी शहराच्या मलेरियावर अहवाल लिहिला, तेव्हा बोट ठेवलं होतं ते विहिरींवर. नवी लागण आणि जुन्या जंतूची जाग, दोन्हींत काचेवर दिसणारा जंतू एकसारखाच. जनुकीय तपासणीनंही खात्री होत नाही, कारण एकाच माणसाच्या यकृतात वेगवेगळ्या चाव्यांतून आलेले वेगवेगळे जंतू निजलेले असू शकतात. सुदैवानं यानं उपचार बदलत नाही. दोन्हींत क्लोरोक्विन आणि पूर्ण प्रायमाक्विन.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. ऑगस्टात मुंबईहून जर्मनीला गेलेल्या मुलाला फेब्रुवारीत, बाहेर बर्फ असताना, व्हायव्हॅक्स उठू शकतो. तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात मलेरिया येईलच असं नाही, आणि मुलगाही ‘व्हायरल’ म्हणून पडून राहतो. आधी कधीही मलेरिया झाला असेल, किंवा वर्षभरात भारतात राहणं झालं असेल, तर ते आपणहून सांगावं. आफ्रिकेत नोकरी करून आलेल्यांनी तर तापाच्या पहिल्याच दिवशी सांगावं. तिथून येणारा फाल्सिपेरम वाट बघायला वेळ देत नाही.

तुम्ही आता काय करायचं? जुलैचा रिपोर्ट, आत्ताचा रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या आणि घरात सापडतील त्या पट्ट्या घेऊन भावाला फिजिशियनकडे न्या. प्रायमाक्विन दिली होती का, किती गोळ्या पोटात गेल्या, त्याचं वजन किती, जी-६-पीडी तपासलं आहे का, एवढं कळलं की पुढचं डॉक्टर ठरवतील. जी-६-पीडीचा रिपोर्ट यायला दिवस-दोन दिवस लागले तरी क्लोरोक्विन तोवर थांबवायचं कारण नाही. ताप आधी उतरू दे. मग चौदा दिवस, जेवण झाल्यावर, ठरल्या वेळी, घरातल्या कोणीतरी समोर उभं राहून. माझ्या पेशंटपैकी ज्यांची आई किंवा बायको गोळ्या मोजते त्यांचा कोर्स पूर्ण होतो, असा अनुभव आहे. एकटे राहणाऱ्यांना मी फोनवर अलार्म लावूनच उठू देते. लघवीचा रंग बदलला तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. बडबड, गुंगी, झटका, दम लागणं, काविळीसारखे डोळे किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं हॉस्पिटल. व्हायव्हॅक्स सौम्य असतो हा समज दर पावसाळ्यात कोणाला तरी महागात पडतो.

कोर्स संपल्यावर चौथ्या आठवड्यात एकदा रक्ताची काच तपासून घ्या. वर्षभर कुठलाही ताप आला, अगदी सर्दीसोबतचा वाटला, तरी पहिल्या दिवशी मलेरियाची तपासणी करा.

घरातल्या बाकीच्यांना त्याच्या ताटात जेवून किंवा शेजारी झोपून काही होणार नाही. पण व्हायव्हॅक्समध्ये डासाला लागण देणारे जंतू ताप यायच्या सुमारालाच रक्तात उतरलेले असतात, आणि प्रत्येक वेळी ताप परतला की ते पुन्हा नव्यानं तयार होतात. तेव्हा पुढचे काही दिवस तरी मच्छरदाणी त्याच्या पलंगावर बांधा, आणि गच्चीतल्या टाकीचं झाकण नीट बसतंय का ते एकदा वर जाऊन बघा.